गॅलरीची खोली : डावी की उजवी?

अर्धापूरहून नांदेडला रोज एस.टी.ने ये-जा करणाऱ्याला बाजू कोणी शिकवावी लागत नाही. सकाळी गाडीचे तोंड दक्षिणेला, ऊन डावीकडून. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेला, मावळतीचे ऊन पुन्हा डावीकडूनच. म्हणून जाणता माणूस दोन्ही वेळेला ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी धरतो. माझे ज्ञान एवढेच. म्हणून मागच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या एका मुलीने पुण्याहून फोन करून "मामा, जहाजात कोणत्या बाजूची खोली घेऊ?" असे विचारले तेव्हा मी आधी हसलो आणि मग विचारात पडलो.

मुलगी शिकली, नोकरीला लागली. आईवडिलांना मुंबईहून गोव्याला जहाजाने नेऊन आणायचे तिने ठरवले आहे. खोलीला समुद्राकडे उघडणारी गॅलरी आहे. त्या खोलीला पैसे जास्त पडतात, म्हणून ती चुकीच्या बाजूला जाऊ नये ही तिची काळजी. आईवडिलांचा जन्म केळीच्या मळ्यात गेला. माय डोक्यावरून घड वाहायची, बाप ट्रक भरायचा. दोघांनी आजवर समुद्र पाहिला तो 6 डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर, चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहून. समुद्र म्हणजे चैत्यभूमीच्या पाठीमागचे पाणी, एवढीच त्यांची ओळख.

त्यांच्या घरी गेलो तर मावशींनी एकच प्रश्न विचारला. "भाऊ, त्या गॅलरीतून चैत्यभूमी दिसंल का?"

या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर आधी नकाशा समजून घ्यावा लागतो. तो मी मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकातून त्यांच्यासमोर उघडला.

मोठे जहाज सुटते ते मुंबईच्या पूर्वेच्या बाजूने, बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून. दादर आहे शहराच्या पश्चिम किनाऱ्यावर. मध्ये सगळी मुंबई उभी. जहाज धक्का सोडून दक्षिणेला निघते तेव्हा उजव्या हाताला गेटवे ऑफ इंडिया, ताजमहाल हॉटेल आणि मग कुलाब्याचे टोक लागते. डाव्या हाताला रायगड जिल्ह्याचा किनारा. कुलाब्याला वळसा घालून जहाज दादरकडे जात नाही, ते तसेच खाली कोकणाच्या रोखाने जाते. म्हणजे चैत्यभूमी ना डावीकडून दिसणार, ना उजवीकडून. मी तसे सांगितले. मावशींचा चेहरा उतरला. मामा म्हणाले, "मग पैसे कशाला घालायचे?"

पण नकाशावर बोट ठेवून मी त्यांना आणखी थोडे खाली नेले. कारण मुंबईहून दक्षिणेला जाणाऱ्या बोटीशी आपल्या समाजाचे जे नाते आहे, ते आपल्याच लेकरांना ठाऊक नसते.

24 डिसेंबर 1927. महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी परमपूज्य बाबासाहेब सुमारे 200 प्रतिनिधींसह मुंबईहून निघाले ते मोटारीने नव्हे, 'पद्मावती' नावाच्या बोटीने. बोट याच किनाऱ्याने हर्णैला गेली. तिथून दुसऱ्या बोटीने, बाणकोटच्या खाडीतून, सावित्री नदीच्या पाण्यावरून मंडळी 25 डिसेंबरला दासगावला उतरली आणि तिथून महाडला गेली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. दरवर्षी 25 तारखेला आपण दहनाचा दिवस पाळतो, भाषणे ऐकतो. पण आदली रात्र त्या लोकांनी या प्रवासात काढली होती, हे किती जणांच्या ध्यानात असते?

आणि तेवढेच नाही. बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेला मंडणगड तालुका. त्यात आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. त्याच्या खाली दापोली, जिथे त्यांचे लहानपणचे दिवस गेले. दापोलीजवळच वणंद, माता रमाईंचे माहेर. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या माणसाला हे सगळे डाव्या हाताला लागते.

"मग डावी खोली घ्या!" मामा एकदम बोलले. मलाही आधी तसेच वाटले होते. पण इथे घाई करून चालत नाही, घड्याळ पाहावे लागते.

जहाज संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुटले, तर बाणकोटच्या समोर येईपर्यंत रात्रीचे नऊ-दहा वाजतात. तेव्हा डाव्या गॅलरीत काळोखच. किनारा लांब असतो. दीपस्तंभाची लुकलुक नाहीतर मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे दिसतील, गाव काही ओळखू येणार नाही. उलट उजव्या गॅलरीत सुटतानाच गेटवे आणि कुलाबा उजेडात दिसतील, पुढे मावळता सूर्यही त्याच बाजूला. परतताना तोंड उत्तरेला होते, म्हणजे किनारा उजवीकडे येतो. परतीचे जहाज सकाळी नऊ-दहाला मुंबईला लागणार असेल, तर दापोली, बाणकोट हा पट्टा पहाटे-सकाळी समोर येतो. सह्याद्रीच्या मागून उगवते ते उजव्याच गॅलरीसमोर. हवा स्वच्छ असली तर डोंगराची निळी ओळ दिसते.

तेव्हा माझे मत उजवी खोली. पण वेळा बदलल्या की हिशेब बदलतो. सुटायची आणि पोहोचायची वेळ विचारल्याशिवाय बाजू ठरवू नये. पहाटे चारला मुंबई लागणार असेल तर माझे हे सगळे पांडित्य फुकट.

तिकीट काढताना नुसते 'डावी-उजवी' म्हणू नये, समजुतीचा घोळ होतो. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिले की डावी ती पोर्ट आणि उजवी ती स्टारबोर्ड. रात्री पोर्टला तांबडा दिवा असतो, स्टारबोर्डला हिरवा. खोलीच्या नंबरावरून बाजू ओळखू जाऊ नये, मजल्याचा नकाशाच मागावा. गॅलरीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, हेही विचारावे. नाहीतर पैसे समुद्राचे आणि दर्शन होडीच्या पोटाचे. ज्याला एस.टी.त मळमळते त्याने जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. तिथे हेलकावा कमी लागतो. पुढच्या टोकाला जास्त.

बाजूवरून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. इंग्रज साहेब विलायतेहून हिंदुस्थानात येताना पोर्टची आणि जाताना स्टारबोर्डची खोली घेत, कारण ती सावलीची. त्या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'पॉश' शब्द झाला म्हणे. सावलीचा हिशेब बरोबर आहे, पण शब्दाची गोष्ट खरी असल्याचा पुरावा शोधणाऱ्यांना कुठे सापडला नाही. पॉश वस्तीतल्या लोकांनी ती आपापसात सांगत राहावी.

मामांची शेवटची शंका बोटीच्या भरवशाची. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला जाणारी 'रामदास' बोट बुडाली, 600 हून अधिक माणसे गेली. ते त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते. खवळलेल्या लाटांत घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि बोट कलंडली, असे सांगतात. ती लहान बोट होती आणि भर पावसाळ्यातली. आजच्या एवढ्या मोठ्या जहाजाचे वजन तळाला असते. सगळे प्रवासी सूर्यास्त पाहायला एका कठड्याला आले तरी ते कलंडत नाही. तरीही पावसाळ्याचे दिवस टाळावेत, असे मी मुलीला सांगितले आहे.

एक गोष्ट मुलीने सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. वरचा उघडा डेक सगळ्यांना मोकळा असतो. खिडकी नसलेल्या स्वस्त खोलीतला माणूसही तिथे जाऊन दोन्ही बाजू पाहू शकतो. हे ऐकून मावशींची कळी खुलली. त्यांनी लगेच ठरवून टाकले: खोली उजवी, पण जाताना रात्री नऊला जेवण आटोपून वर जायचे आणि डाव्या कठड्याला उभे राहायचे. "दिसंना का काही. त्या वाटंनं बाबा गेलते ना?"

मग त्यांनी नातवाच्या वहीचा कागद फाडून माझ्यापुढे ठेवला. किनाऱ्यावरची गावे कशी लागतात ती ओळीने लिहून द्या म्हणाल्या. मी लिहिले: अलिबाग, मुरूड-जंजिरा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बाणकोट, हर्णै, दाभोळ. बाणकोटखाली त्यांनी माझ्याच पेनने रेघ ओढून घेतली.