उधारीच्या वहीत पाऊसही मोजा

उधारीवरच्या व्हिडिओत एक विषय मुद्दाम बाजूला ठेवला होता. पाऊस.

आपल्या गेवराई तालुक्यातलं तलवाडा घ्या. किराणा, कापड, कृषी सेवा केंद्र, कुणाचीही वही उघडा. माल जूनमध्ये गेलेला, पैसे सोयाबीन-कापूस विकल्यावर, नाहीतर ऊसतोडीची उचल हातात आल्यावर. म्हणजे दुकान तुमचं, पण भांडवल दुसऱ्याच्या रानात पेरलेलं! पंचनामा पिकाचा होतो, पीक विमा शेतकऱ्याला मिळतो (मिळायलाच हवा). तुमच्या अडकलेल्या उधारीचा पंचनामा कोण करणार?

"दुष्काळ आपल्याला नवा आहे का?" असं बरेच जण म्हणतात. नवा नाहीच, १९७२ घरोघरी माहीत आहे. पण एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं, गोदाकाठच्या गावांत पूर शिरला. पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्येच मांडलं होतं, की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीनं वाढल्या. हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि अरबी समुद्रही तापतोय. हा धूर काही तलवाड्याच्या चुलींचा नाही. जगानं दीडशे वर्षं कोळसा-तेल जाळलं, त्याचं बिल आपल्या वहीत चढतंय.

म्हणून माझं स्पष्ट मत: सगळी उधारी एकाच सुगीवर टांगू नका. गिऱ्हाईक तोडा असं मी म्हणत नाही, उद्या लग्नाच्या पंगतीत शेजारीच बसायचंय. पण घरटी मर्यादा जूनमध्येच ठरवा. ज्यांच्याकडे दुधाचे पैसे येतात, त्यांच्याकडून थोडं थोडं तेव्हाच घ्या. खताच्या गोण्या फरशीवर नको, फळ्या टाकून उंच ठेवा.

मालासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी एप्रिल २०२१ पासून आहे. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला चालते, पुराचं नुकसान त्यात धरलंय. उधारी मात्र त्यात बसत नाही, ती तुम्हालाच सांभाळायची.

पुढच्या व्हिडिओत ही मर्यादा कशी काढायची ते करून दाखवतो. तोवर मागच्या तीन वर्षांच्या वह्या काढा, आणि दिवाळीनंतरही किती रक्कम अडकून राहिली होती, तो आकडा लिहून ठेवा.