मजला चढवताय? आधी पाण्याची रेघ आखा

वरचा मजला बांधायचा ठरला, की घरात चर्चा रंगते ती टाइल्सचा रंग, खिडक्या आणि बाल्कनीची. प्लंबरला बोलावणे जाते ते भिंती उभ्या राहिल्यावर. हा क्रम चुकीचा आहे. गार-गरम पाण्याचा आराखडा स्लॅब पडण्याआधीच कागदावर यायला हवा.

दाब उंचीतून येतो

टाकीतले पाणी नळापेक्षा जेवढे उंच, तेवढा दाब जास्त. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार. टाकी थेट नव्या स्लॅबवर ठेवली, तर त्याखालच्या शॉवरपासून पाण्याची पातळी जेमतेम दीड-दोन मीटर वर राहते. म्हणजे दाब फार तर 0.2 बार. तळमजल्यावर नळ धो धो वाहतो आणि नव्या बाथरूममध्ये धार करंगळीएवढी येते, ती यामुळेच. टाकी दीड मीटर उंच स्टँडवर नेली, तर हा दाब जवळपास दुप्पट होतो. मात्र 1,000 लिटर पाण्याचेच वजन 1 टन. स्टँड कुठे उभा करायचा, हे गवंड्याने नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनीअरने सांगावे.

गरम पाण्याला लांबचा रस्ता नको

आतून 18 मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला सुमारे पाव लिटर पाणी मावते. गिझर नळापासून 12 मीटर लांब असेल, तर गरम पाणी येईपर्यंत 3 लिटर पाणी वाहून जाते. दिवसातून चार वेळा असे झाले, तर वर्षाला चार हजार लिटरहून अधिक. उन्हाळ्यात टँकर विकत घेणाऱ्या मराठवाड्यातल्या घराला ही उधळपट्टी परवडणारी नाही. नवे बाथरूम शक्यतो जुन्या बाथरूमच्या डोक्यावरच घ्यावे. ते जमत नसेल, तर तिथे छोटा स्वतंत्र गिझर बरा.

पाइप एकसारखे नसतात

गार पाण्याचा यूपीव्हीसी पाइप गरम लाइनला चालत नाही. तिथे सीपीव्हीसी हवा, पाइपवर आयएस 15778 ही खूण पाहून घेतलेला. गच्चीवरून येणाऱ्या लाइनला उष्णतारोधक आवरणही हवे. दोन्ही लाइन एकाच टाकीवरून घ्याव्यात. दाब वेगवेगळा असला, की मिक्सरमध्ये एक पाणी दुसऱ्याला मागे रेटते. सोलर बसवणार असाल, तर त्याची टाकी गार पाण्याच्या टाकीच्या तळापेक्षा खाली हवी. प्रेशर पंप लावायचा असेल, तर सोलर तो दाब सोसणारा आहे ना, हे आधी विचारावे.

टाइल बसण्याआधी

गिलाव्याआधी लाइनमध्ये पाणी भरून हातपंपाने दाब द्यावा आणि काटा उतरतो का, ते पाहावे. प्रत्येक बाथरूमला वेगळा व्हॉल्व्ह ठेवावा. भिंतीतल्या पाइपांचे टेपसह मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. उद्या गिझरसाठी भोक पाडताना ते उपयोगी पडतात.

‘आधीच खर्च वाढलाय, त्यात हे कशाला?’ असा प्रश्न मालक विचारतात. पण आराखड्याला लागते एखादी संध्याकाळ आणि थोडी फी. भिंतीत ओल उतरल्यावर मात्र टाइल फोडण्यापासून रंगापर्यंत सगळे पुन्हा करावे लागते. बांधकामात काटकसर जरूर करावी, पण भिंतीआड जाणाऱ्या कामात नाही.