काच पुसू नका, आधी बोट लावा!

पावसाळा आला की ऑफिसात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. कँटीनमध्ये कांदाभजी आणि शुक्रवारी लंचला 'यार, या वीकेंडला कुठे?' ही चर्चा. लोणावळा, माळशेज, ताम्हिणी, फार तर आंबोली. पाच जण, एकाची नवी गाडी, पेट्रोलचं कॉन्ट्रिब्युशन, झालं! मग घाट लागतो आणि पुढची काच बघता बघता दुधासारखी पांढरी होते. गाडी चालवणाऱ्याच्या एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात रुमाल. समोरून ट्रक येतो, त्याच्या हेडलाइटचा उजेड पुसलेल्या फराट्यांवर पसरतो आणि दोन सेकंद पुढे रस्ता आहे की दरी, काहीच कळत नाही. मागच्या सीटवर मात्र अंताक्षरी जोरात.

बॉस, हे दोन सेकंद टाळता येतात. त्यासाठी ॲक्सेसरीजच्या दुकानातला महागडा स्प्रे नको, फक्त एक बोट हवं, तेही शेजारी बसलेल्याचं. काच धुरकट झाली की त्याला आतून बोट फिरवायला सांगा. रेघ उमटली तर वाफ आतून धरली आहे. नाही उमटली तर बाहेरून. दोन्हींचे इलाज एकमेकांच्या अगदी उलट आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आधी आतली वाफ. माणूस नुसता बसला तरी श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ३० ते ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघांचं मिळून तासाला अर्धा ग्लासभर तरी होतं. छोट्या गाडीत हवा असते जेमतेम ३ घनमीटर आणि २५ अंशांना ती सगळी मिळून ७० ग्रॅमच्या आसपास बाष्प सामावू शकते. पावसाळ्यात ती आधीच बरीचशी भरलेली. म्हणजे काचा बंद केल्यावर पाच-सात मिनिटांत हवेचा कोटा फुल! वर पायाशी निथळणाऱ्या छत्र्या. लोणावळा ६००हून जास्त मीटर उंचीवर, त्यामुळे घाट चढता चढता बाहेर गारवा वाढतो, पावसाने काचही थंड होते आणि जागा न उरलेलं बाष्प तिच्यावर जाऊन बसतं.

इलाज? एसी चालू, आणि गोल वळलेल्या बाणाचं बटण बंद. त्या बटणामुळे आतलीच हवा आत फिरत राहते. 'पण बाहेर तर धो धो पाऊस, ती ओली हवा आत कशाला?' कारण ती एसीच्या थंडगार कॉइलवरून येते आणि तिच्यातलं पाणी तिथेच गळून पडतं. उभ्या गाडीखाली पाणी ठिबकतं ना, तेच हे. आता झोत पुढच्या काचेवर सोडा आणि टेंपरेचरचा नॉब थोडा लाल बाजूला न्या. आपल्याकडे हा नॉब निळ्यावर जणू वेल्डिंग करून बसवलेला असतो, हीटर म्हणजे दिल्लीकरांचं काम! पण एसीने कोरडी केलेली हवा हीटरने कोमट केली की काच झटकन साफ होते आणि मागून 'थंडी वाजते, एसी बंद कर' ही भुणभुणही थांबते. पेट्रोल-डिझेल गाडीत ही ऊब इंजिनाचीच असते, फुकटात.

पेट्रोल वाचवायला दर पाच मिनिटांनी एसी चालू-बंद करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. एसी बंद केला की कॉइलवरचं पाणी पुन्हा वाफ होऊन आत येतं आणि काच आधीपेक्षा जास्त धुरकटते. पावसात एसी ही चैन नाही, वायपरइतकीच गरजेची गोष्ट आहे.

आता बाहेरची वाफ. ही मुंबईची स्पेशालिटी. एसी १८ वर, झोत थेट काचेवर आणि बाहेर ९० टक्के आर्द्रता. अशा हवेत काच बाहेरच्यापेक्षा दोनेक अंशांनी थंड झाली तरी तिच्यावर बाहेरून दव धरतं, थंड पाण्याच्या बाटलीवर धरतं तसं. घाबरून लोक आत रुमाल घासत बसतात किंवा झोत आणखी वाढवतात, म्हणजे काच आणखी थंड! इथे वायपर एकदा फिरवा, एसी २५-२६ वर आणा आणि झोत काचेवरून काढून तोंडावर किंवा पायांकडे वळवा. बस्स.

हिवाळ्यात, सकाळी सातला हिंजवडी गाठणाऱ्यांचं काम सोपं. बाहेरची हवा तशी कोरडी असते, काच बोटभर खाली केली तरी बरंच भागतं.

राहता राहिली साफसफाई. डॅशबोर्डचं प्लास्टिक तापून, सिगारेट ओढून, उदबत्ती लावून काचेच्या आतल्या बाजूला एक चिकट थर बसतो आणि त्यावर वाफ जास्त दाट धरते. महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याने आतून पुसा आणि कोरड्या मायक्रोफायबरने चमकवा. शेव्हिंग फोमचा फंडाही चालतो. पातळ थर लावून पुसून टाकला की वाफेचे थेंब न बनता पाणी पसरट राहतं, म्हणून आरपार दिसतं. दोन-चार दिवसांत असर जातो, पण ट्रिपच्या आदल्या रात्री करायला मस्त. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या मात्र पाच जणांच्या श्वासापुढे काय टिकणार!

पायाखालचं कार्पेट चार दिवस ओलंच राहत असेल, तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे का, ते मेकॅनिकला बघायला सांगा. आणि मागच्या काचेवर बारीक आडव्या रेघा असतील तर तो डिफॉगर आहे. बटण दाबा, काच तापून साफ झाली की बंद करा. तिथला स्टिकर काढायला ब्लेड अजिबात नको, रेघ तुटली की तेवढ्या पट्ट्यात वाफ तशीच राहते.