हेक्युबा बालाघाटात यावी

युरिपिडिसचे ‘ट्रोजन विमेन’ इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्समध्ये पहिल्यांदा रंगले, तेव्हा अथेन्सच्याच फौजेने मेलोस बेटावरचे पुरुष कापून बायकामुले गुलाम केल्याला काही महिनेच झाले होते. आपल्याच विजयाचे हे रूप अथेन्सकरांना दाखवायला केवढे धैर्य लागले असेल! नाटकात लढाई नाहीच. ट्रॉय पडल्यावर कोण कुणाच्या वाट्याला जाणार याची वाट पाहणाऱ्या बायका आहेत. नातवाचे, अस्तियानाक्सचे प्रेत हेक्टरच्या ढालीवर आणतात आणि ट्रॉयची म्हातारी राणी हेक्युबा ढालीच्या कडेवर लेकाच्या घामाचा डाग शोधते. महाभारताच्या स्त्रीपर्वातली गांधारी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही बाई परकी वाटणार नाही. हे नाटक मध्य प्रदेशातल्या बालाघाटात व्हावे, असे मला मनापासून वाटते. तिथल्या बैहर-लांजीकडच्या नक्षलवादी हिंसेत कुणाचा नवरा पोलिसात असताना गेला, कुणाचा खबऱ्या ठरवून मारला, कुणाचा मुलगा बंदूक घेऊन जंगलात गेला तो परतलाच नाही. मात्र रंगमंचावर खाकी किंवा हिरवे गणवेश आणू नयेत. ट्रॉय ट्रॉयच राहू द्यावे, प्रेक्षकांना बरोबर कळते. शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्यात धान घरात आल्यावर रात्र-रात्र झाडीपट्टीची नाटके चालतात. हेक्युबेसाठी तिथलीच पन्नाशी उलटलेली, मोकळ्या गळ्याची नटी घ्यावी आणि बायकांच्या समूहाला पोवारी बोलीत बोलू द्यावे.