कोमो, कोयना आणि बाबा

आमच्या ऑफिसात सध्या एकच फंडा चालू आहे. मिलानला प्रोजेक्टसाठी जा, शनिवारी पहाटे ट्रेन पकड, तासाभरात वारेन्नाला उतर, बोटीत बस आणि सोमवारी सगळ्या टीमला फोटो दाखवून जळव. लेक कोमो! वारेन्नाहून बेल्लाज्यो पंधरा मिनिटं, तिथून पुढे मेनाज्यो, दिवसाचा एकच पास काढला की वाटेल तिथे उतरा, जिलेटो खा, पुढची बोट पकडा. एका दिवसात तीन गावं, तीनशे फोटो. माझी टीममेट परवा म्हणाली, "यार, आपल्याकडे असं काहीच नाही ना!"

आहे ना बॉस. फक्त जिलेटो नाही, भाकरी आहे.

सातारा स्टँडवरून कासच्या रस्त्याला लागायचं. यवतेश्वरचा घाट चढला की उजव्या-डाव्या दोन्ही हातांना दऱ्या, मग कासचं पठार. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलांसाठी इथे आधी ऑनलाइन बुकिंग करूनच या. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला तेव्हापासून गर्दी विचारू नका. पठार ओलांडून रस्ता खाली उतरायला लागतो आणि एका वळणावर एकदम पाणी दिसतं. निळं, लांबलचक, डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं. हा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. काठावरचं गाव बामणोली. इथून लाँच मिळते.

कोमो आणि शिवसागर दोघंही रुंद कमी आणि लांब जास्त. कोमोचा नकाशा उलट्या इंग्रजी वायसारखा दिसतो, कारण ते तळं बर्फाच्या नद्यांनी दरी कोरून केलेलं आहे, खोली चारशे मीटरहून जास्त. आपली कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला चिकटून सरळ दक्षिणेला धावते, मग हेळवाकजवळ अचानक पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. त्या अरुंद दरीत पाणी अडवलं, म्हणून हे तळंसुद्धा लांबट झालं आणि सोळशी, कांदाटीसारख्या नद्यांच्या खोऱ्यांत त्याचे फाटे गेले. दिसायला दोन्ही बहिणी-बहिणी. मोठा फरक वयाचा आहे. कोमो हिमयुगातलं, आणि शिवसागर माझ्या बाबांपेक्षा जेमतेम वर्षा-दोन वर्षांनी मोठा.

बाबांचा विषय निघालाच आहे तर सांगते. या ट्रिपला मी कोणा फ्रेंड सर्कलबरोबर नाही, बाबांबरोबर गेले. आमचं गाव अल्लीपूर, जिल्हा वर्धा, तालुका हिंगणघाट. कापूस, सोयाबीन, तूर आणि उन्हाळा. बाबा दिवाळीनंतर कापसाची पहिली वेचणी उरकून वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसले. ही गाडी गोंदियाहून निघते आणि पुण्यावरून सातारा, कोल्हापूरला जाते, म्हणजे बसल्या जागेवर विदर्भातून थेट साताऱ्यात. (कोणीतरी या गाडीवर सिनेमा काढा. चोवीस तासांत भाकरी तीनदा बदलते.) मी पुण्याला त्याच डब्यात चढले. सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, तिथून रिक्षाने स्टँड आणि स्टँडवरून एसटी. बामणोलीपर्यंत एसटी जाते, गाडी असलीच पाहिजे असं काही नाही.

बामणोलीत बोट क्लबची खिडकी आहे. इथे कोमोसारखं टाइमटेबल नाही आणि माणशी तिकीटही नाही. पूर्ण बोट भाड्याने घ्यायची, दर ठिकाणानुसार ठरलेले, म्हणून दोघंच असाल तर खिडकीपाशी जरा रेंगाळा आणि जोडीदार गाठा. आम्हाला कोल्हापूरचं एक चौकोनी कुटुंब मिळालं. खर्च निम्मा आणि वर त्यांच्याकडचा चिवडा! वासोट्याला जायचं असेल तर ओळखपत्र घेऊन आधी वनखात्याची परवानगी काढावी लागते, बोटीने दीडेक तास, मग दाट जंगलातून चढण, आणि संध्याकाळच्या आत परत. तो सगळा परिसर कोयना अभयारण्य, म्हणजे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. पण तो ट्रेक झाला. एका दिवसात किल्ला आणि गावं दोन्ही करायला जाऊ नका, धड काहीच होत नाही. आम्ही गावांचा रस्ता धरला: बामणोली, संगमावरचं दत्तमंदिर, तापोळा आणि परत.

लाँच सुटली. इंजिनाचा टकटक आवाज, पाण्यावर सकाळचं धुकं, लाइफ जॅकेट घातलेले बाबा टोपी धरून बसलेले. मी फोटोंच्या मागे. सॉलिड फ्रेम होती हो, पाठीमागे थेट सह्याद्रीची भिंत! दहा मिनिटं बाबा काही बोलले नाहीत. मग लाँचवाल्याकडे वळून त्यांनी विचारलं,

"का गा भाऊ, हे पाणी कोनाच्या वावरात भरलं हाय?"

मला वाटलं, याला 'वावर' कळणार नाही. त्याला बरोब्बर कळलं.

"कुणाच्या म्हंजी? आमच्याच की, काका." त्याने सुकाणूवरचा एक हात उचलून दाखवलं. "त्या टेकडाच्या खाली, जिथं पाणी जरा काळं दिसतंय न्हवं, तिथं आज्याचं भाताचं रान व्हतं."

कोल्हापूरच्या काकूंनी चिवड्याची पिशवी मिटली.

शाळेच्या पुस्तकात कोयना म्हणजे महाराष्ट्राची भाग्यरेषा. खोटं नाही ते. पन्नासच्या दशकात काम सुरू झालं, साठच्या दशकात पाणी साठलं. आज साठवण सुमारे १०५ टीएमसी आणि वीज १,९६० मेगावॅट. गंमत म्हणजे ही वीज धरणाच्या पायथ्याशी फारशी होतच नाही. पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या आरपार पश्चिमेला नेतात, तिथे पोफळीच्या बाजूला डोंगराच्या पोटात जनित्रं फिरतात आणि मग तेच पाणी वाशिष्ठी नदीतून चिपळूणकडे जातं. कृष्णेला मिळायचं ते पाणी अरबी समुद्राला! ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे मोठा भूकंप झाला. जलाशयाचं पाणी आणि भूकंप यांचा संबंध अभ्यासणारे शास्त्रज्ञ आजही जगभरात कोयनेचं उदाहरण देतात.

या आकड्यांमध्ये नसतो तो लाँचवाल्याचा आजा. खोऱ्यातली माणसं उठवली तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला १९७६ मध्ये, म्हणजे पाणी भरल्यावर दशकभराने. कोणी ठाणे, रायगडात गेले, कोणी सांगली, सोलापूरकडे, आणि कोणी नुसतेच पाण्याच्या रेषेच्या वर सरकले. "आम्ही वर सरकल्यालं," लाँचवाला म्हणाला. "निम्मी भावकी तिकडं ठाण्याला. लग्नकार्याला भेट व्हती." जमिनीच्या आणि हक्काच्या मागण्यांसाठी कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांची आंदोलनं २०१८ सालीही चालू होती. म्हणजे आज्याचा कागद नातवाच्या हातात.

या डोंगरांतले पुरुष त्याआधीही मुंबईला जायचेच. जावळी, पाटणची माणसं गोद्यांवर आणि बाजारात ओझी वाहायची, १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्यासाठी झाला त्यांत ही खोरी मोठी. आणि याच काठावरचं दरे हे एकनाथ शिंद्यांचं मूळ गाव. ते २०२२ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर टीव्हीवाल्यांच्या गाड्या इथवर आल्या. तेही इथून ठाण्यालाच गेलेल्या घरातले. खोऱ्याचा रस्ता ठरलेला, एवढंच.

बाबा मात्र भाग्यरेषेवर अडकले होते.

"इथून लाइट बनते म्हन्ता?"

"व्हय. मुंबईलाबी जाती."

"अन् आमाले मोटर चालू कराले रातच्या बाराले उठा लागते," बाबा म्हणाले. "थ्री फेज रातची असली का जागलीच. एका हाती बॅटरी अन् एका हाती काठी."

यावर लाँचवाला जो हसला! म्हणाला, "काका, आमच्या वाडीवर तर लई वरसं कंदीलच हुता. खाली एवढं पाणी, वर कंदील."

हे दोघं जण सातशे-आठशे किलोमीटर अंतरावरचे. एकाच्या तोंडी वऱ्हाडी, दुसऱ्याच्या तोंडी जावळीची बोली. तरी पुढचा अर्धा तास दोघांच्या गप्पांत मला जागा नव्हती. मोबदला एकरावर की गुंठ्यावर, झाडाचे वेगळे मिळाले का, देव कुठे हलवला, भावकीत कोणी सह्या आधी केल्या. बाबांना हे प्रश्न कुठून सुचले ते मला माहीत होतं. माझ्या आत्याचं सासर आर्वी तालुक्यातलं. निम्न वर्धा धरणात ते गाव गेलं. नव्या गावठाणात आत्याला चांगलं सिमेंटचं घर आहे, अंगणात नळ आहे, पण ती अजून पत्ता सांगताना जुन्या गावाचंच नाव सांगते आणि पोस्टमनला ते कळतंही. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथल्या नदीत डुंबायचो. बाबा त्यावर घरी कधी बोलत नाहीत. लाँचवर बोलले.

संगमावर उतरून दत्ताचं दर्शन घेतलं. इथे कोयना, सोळशी आणि कांदाटी एकत्र येतात असं सांगतात, आता तिन्हींच्या वर एकच पाणी. मग तापोळा. 'मिनी काश्मीर'चा बोर्ड तुमचं स्वागत करतो. आपल्याकडे कुठलीही चांगली जागा आधी दुसऱ्या कशाची तरी मिनी आवृत्ती व्हावी लागते का हो? तापोळा तापोळ्यासारखं आहे आणि झकास आहे. महाबळेश्वरहून घाट उतरून पंचवीस-तीस किलोमीटरवर येतं, त्यामुळे तिकडची गर्दी इथे जेवायला उतरते. टेंट, कयाक, स्ट्रॉबेरीचे वाफे, सगळं मिळतं. पलीकडच्या वाड्यांत जीप-मोटरसायकली न्यायला तराफा आहे. चार गाड्या, दोन शेळ्या, एक नवरी आणि दप्तर घेतलेली पोरं असा तो तराफा मी पाहिला. आपल्यासाठी राइड, त्यांच्यासाठी रस्ता.

जेवायला एका घरगुती खानावळीत बसलो. तव्यावरचा मासा मागवता येतो, पण बाबा माळकरी, त्यांना पिठलं आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडे ज्वारीची असते आणि पिठल्याला चून म्हणतात. बाबांनी घास घेतला. "चून बराबर हाय, भाकरीत दम नाही," असा निकाल दिला, आणि तीन खाल्ल्या.

परतीच्या लाँचमध्ये ऊन तिरपं झालं होतं. इथे एक कामाची टीप: हीच वेळ फोटोची. सकाळी धुक्यात डोंगर पुसट येतात, साडेचार-पाचनंतर पाणी तांब्याचं होतं. पण सूर्य बुडायच्या आत बामणोलीला पोहोचायचं, लाँचवाले अंधारात जात नाहीत आणि तुम्हीही आग्रह करू नका. ऑक्टोबर ते जानेवारी सगळ्यात बेस्ट. पावसाळ्यात वासोटा बंद असतो, आणि उन्हाळ्यात पाणी इतकं मागे जातं की धक्का सोडून चिखलातून चालत बोट गाठावी लागते.

उन्हाळ्याचं नाव काढल्यावर लाँचवाल्याने इंजिनाचा वेग कमी केला. "खरं तर मे महिन्यातच यायला पायजे, काका. पाणी उतरलं की बांध वर येत्यात. आमचा बांध मला म्हातारीनं दावलेला हाय." पाणी मागे हटलं की मागे राहतो तो गाळ, त्या जमिनीला गाळपेर म्हणतात. तेवढे दोन-तीन महिने लोक तिथे काहीबाही पेरून घेतात, आणि जून-जुलैत कोयना परत घेऊन जाते.

"दगड तसेच हायेत बांधाचे?" बाबांनी विचारलं.

"तसेच. हलवणार कोन?"

बामणोलीत उतरताना बाबांनी खिशातली डायरी काढली. कापसाचे भाव, फवारणीच्या तारखा आणि औषधांची नावं असलेली ती डायरी. त्यात लाँचवाल्याचा मोबाइल नंबर लिहून घेतला. टीममेटला मी ट्रिपचे फोटो दाखवले तेव्हा ती म्हणाली, "वॉव, हे कोमो का?" मी तिला बोट क्लबचा दर सांगितला आणि पुढच्या महिन्यात ती जाऊनही आली.

बाबा परत अल्लीपूरला गेले त्याला आता तीन महिने झाले. आमच्या रविवारच्या फोनमध्ये आधी तब्येत, मग कापसाचा भाव, मग आई फोन ओढून घेते. हल्ली मधेच एक प्रश्न येतो, "त्याच्याशी बोललो मी काल. दोन परस पाणी उतरलं म्हन्ते. तिकीट काढलं का वं तू?"

काढलंय. महाराष्ट्र एक्स्प्रेस, मेचा दुसरा आठवडा, वर्धा ते सातारा. वेटिंग लिस्ट चौदा.