मांजरीने अन्न सोडले म्हणजे उपवास नव्हे



अक्कलकुव्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. घर व्यापाऱ्याचे; पुढे दुकान, मागे राहते घर आणि शेजारी वखार. उन्हाळ्यात सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेला आमचूर आणि मोहाची फुले, हिवाळ्यात ज्वारी आणि तूर, अशी पोती बारा महिने रचलेली. या घरात बारा वर्षांची एक मांजरी आहे. श्रावणाच्या झडीत वखारीच्या दाराशी एक भिजलेले पिल्लू सापडले. मुलांनी ते पुसून कोरडे केले, त्याला दूध पाजले आणि ते घरातच राहिले. तेव्हापासून जुन्या मांजरीचे खाणे कमी होत गेले. पत्र लिहिले तेव्हा दोन दिवस तिने ताटलीला तोंड लावले नव्हते. ती माळ्यावर जाऊन बसते, हाक मारली तरी उतरत नाही. सासूबाई म्हणतात, ‘चातुर्मास चालू आहे. पुण्यवान जीव आहे, उपवास धरला असेल. तिला छेडू नका.’ भगिनी विचारतात, ‘असे खरेच असू शकते का? आम्ही काय करावे?’

त्यांना सांगायचे ते पत्र मिळाले त्याच दिवशी दूरध्वनीवरून सांगितले: मांजरीला आजच पशुवैद्यांकडे न्या, उद्यावर टाकू नका. परंतु हा प्रश्न अनेक घरांत उद्भवतो, म्हणून येथे विस्ताराने लिहीत आहे.

सासूबाईंच्या बोलण्याला हसण्याचे कारण नाही. पशूही व्रत स्वीकारू शकतो, ही आपल्या परंपरेची धारणा आहे. भगवान महावीरांच्या बोधाने शांत झालेल्या चंडकौशिक नागाने आहार सोडला आणि मुंग्यांचे दंश निमूटपणे सोसले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्या कथेचा प्राण समभाव हा आहे. तप म्हणजे जाणून, स्वेच्छेने आणि प्रसन्न चित्ताने केलेला त्याग. माळ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, कान मागे पाडलेली, दाराच्या प्रत्येक आवाजाला दचकणारी मांजरी तप करीत नाही. ती भ्यालेली आहे, किंवा आजारी आहे, किंवा दोन्हीही. अन्न तिने सोडलेले नाही, ते तिच्यापासून दुरावले आहे.

माणसाचे शरीर उपवास पेलू शकते. अठ्ठाई करणारे तपस्वी आपण दरवर्षी पाहतो. मांजराच्या शरीराची घडण तशी नाही. ते मूलतः मांसाहारी असल्याने त्याचे यकृत प्रथिनांवर अखंड काम करीत असते आणि उपासमारीतही हा खर्च फारसा आवरता येत नाही. अन्न थांबले की अंगातील चरबी यकृताकडे वाहू लागते. तेवढ्या चरबीचा निचरा करण्याची यकृताची ताकद नसते, त्यामुळे ती यकृताच्याच पेशींत साचत जाते. मग मळमळ सुरू होते, मळमळीमुळे उरलीसुरली भूक मरते आणि भूक मेल्याने यकृत आणखी बिघडते. डोळ्यांतील पांढरा भाग, हिरड्या आणि कानाच्या आतील त्वचा पिवळसर दिसू लागली, म्हणजे आजार बराच पुढे गेला असे समजावे. अंगाने स्थूल असलेल्या मांजराला हा धोका अधिक. उपचार वेळेवर सुरू झाले तर पुष्कळ मांजरे वाचतात. मात्र कित्येकदा नळीने आठवडेच्या आठवडे अन्न द्यावे लागते. म्हणून घरात एक नियम पक्का असावा. मोठ्या मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यांना विचारावे. दोन दिवस झाले तर क्षणभरही थांबू नये.

आता कारणाकडे वळू. मांजर माणसाजवळ आले ते धान्याच्या मागोमाग. सायप्रस बेटावरील सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन २००४ मध्ये जगासमोर आले. त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले होते. कोठारात धान्य, धान्यावर उंदीर आणि उंदरांमागे मांजर, असा हा क्रम. वखारवाल्यांशी त्याचा संबंध इतका जुना आहे. परंतु ज्या रानमांजरापासून ते आले, ते एकटे राहणारे आणि एकटेच खाणारे. कुत्र्यासारखी टोळीची रीत त्याच्या रक्तात नाही. ते दाराची चौकट, पोत्यांचे कोपरे, आपले पाय यांवर गाल घासते आणि स्वतःचा गंध ठेवून जाते. तो गंध म्हणजे त्या घराचा त्याचा सातबारा. नवे मांजर आले की त्या सातबाऱ्यावर न विचारता दुसऱ्याचे नाव चढते.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दिनक्रमात अनपेक्षित बदल झाला की अगदी निरोगी मांजरेही कमी खातात, ओकतात, ठरलेल्या जागी विधी करीत नाहीत, असे त्यात आढळले. म्हणजे मनाचा ताण थेट पोटावर उतरतो. आणि ताणासाठी भांडणच व्हावे लागते असे नाही. पिल्लू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नुसते पसरले किंवा जुन्या मांजरीकडे टक लावून पाहत राहिले, तरी तिच्या दृष्टीने वाट बंद झाली. घरच्यांना वाटते, दोघांत काही कुरबुर नाही. आणि माळ्यावरचा जीव मात्र उपाशी असतो.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. ‘नव्याचा मत्सर वाटतो, होईल हळूहळू सवय,’ असे म्हणून विषय संपवू नये. बारा वर्षांचे मांजर वृद्धच होय. या वयात मूत्रपिंडाचा विकार, किडलेले किंवा मुळाशी झिजलेले दात, हिरड्यांची सूज हे सर्रास आढळते. ताटलीजवळ येऊन वास घेते आणि परत फिरते, किंवा घास तोंडातून गळून पडतो, तेव्हा दुखणे तोंडातही असू शकते. शिवाय बाहेरून आलेल्या पिल्लाबरोबर मांजरांतील सर्दीचा विषाणू घरात येऊ शकतो. नाक चोंदले की मांजराला अन्नाचा वास येत नाही आणि वास नाही तर भूक नाही. म्हणून तपासणी दोघांचीही करावी आणि पिल्लाला लसी कधी द्यायच्या हेही विचारून घ्यावे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई, बैल आणि शेळ्यांचीच वर्दळ असते, तेथे मांजर घेऊन जाण्याचा संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा. झाकणाच्या टोपलीत जुने कापड अंथरून तिला न्यावे. रक्ततपासणी किंवा सलाईनची सोय जवळ नसेल, तर नंदुरबार किंवा सुरत गाठावे.

वैद्यकीय बाजू पाहिल्यावर घराची मांडणी बदलावी. येथे बहुतेक घरांची गल्लत होते. वेगळ्या खोलीत ठेवायचे ते पिल्लाला. जुन्या मांजरीचे घर तिच्याकडेच राहू द्यावे. किमान आठवडाभर दोघांची नजरानजर होऊ नये. या काळात पिल्लाच्या अंगाखालचे फडके तिच्या जागेजवळ ठेवावे आणि तिचे फडके पिल्लाकडे, म्हणजे गंधाची ओळख आधी होते. नंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, दारापासून दूर अंतरावर, दोघांना जेवू घालावे. ती निवांत खाऊ लागली की जाळीच्या दारातून दर्शन घडवावे आणि शेवटी थोडा वेळ समोरासमोर आणावे. एखाद्या टप्प्यावर तिने पुन्हा खाणे सोडले, तर एक पायरी मागे यावे. याला आठवडे लागतात, कधी महिनेही. ताटल्या वेगळ्या, पाण्याची भांडी वेगळी आणि ती ताटलीपासून दूर; विधीसाठी वाळूची घमेली दोन मांजरांना तीन. वृद्ध मांजरीला उंच बसायला जागा आणि तिथवर चढायला मधली पायरी असावी.

अन्न किंचित कोमट करून, पसरट ताटलीत, थोडे थोडे द्यावे. कोमट अन्नाचा वास अधिक येतो. खाताना भोवती गर्दी करून पाहत बसू नये. तोंड उघडून घास कोंबू नये, त्याने त्या अन्नाचीच धास्ती बसते. कौतुकाने शिरा किंवा पेढा पुढे करणे व्यर्थ आहे. मांजराला गोड चव कळतच नाही, त्या चवीसाठी लागणारा जनुक त्याच्यात निकामी झालेला आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. दूधही बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, त्याने जुलाब होतात. पिल्लालाही गाई-म्हशीचे दूध बाधू शकते. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो; आपल्या घरांत तो धोका सहसा नसतो, पण बाहेरून आणलेल्या पदार्थांत असू शकतो. आणि सर्वांत मोठी सूचना ही, की माणसांच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

आपल्या घरांत यापुढचा प्रश्न टाळता येत नाही. टॉरीन नावाचे एक द्रव्य मांजराला अन्नातूनच मिळावे लागते. ते वनस्पतींत जवळजवळ नसते, दुधात अगदी अल्प असते. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ मध्ये आणि हृदय फुगून दुबळे होते, हे १९८७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. दूध-भाकरीवर वर्षानुवर्षे दिसणारे मांजर बहुधा बाहेर जाऊन आपली गरज भागवीत असते. घराबाहेर न पडणाऱ्या वृद्ध मांजरीला तो मार्ग नाही. तिच्या आहारात काय असावे, कृत्रिम टॉरीन मिसळलेले तयार खाद्य चालेल का, हे पशुवैद्यांना मोकळेपणाने विचारावे. संकोचापोटी गप्प राहण्याची किंमत तिने मोजू नये. धनासाठी मांजर-कुत्र्यांसारखे जीव पोसणे श्रावकाने टाळावे, असे पंधरा कर्मादानांतील असतीपोषणात सांगितले आहे. उंदीर मारावेत म्हणून वखारीत मांजर आणणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. दयेने आणणाऱ्यांनी हा विचार करावा, की या जीवाच्या शरीराला जे लागते, ते आपले घर देऊ शकेल का? देणे शक्य नसेल, तर पिल्लासाठी चांगले दुसरे घर शोधणे हीदेखील दयाच आहे.

परंतु जो जीव आधीच आपल्या आश्रयाला आहे, त्याच्याविषयी आपल्याकडे संदिग्धता नाही. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. प्रतिक्रमणात वंदित्तु म्हणताना याच पाचांची आपण आलोचना करतो. अन्नपाननिरोध म्हणजे आश्रिताचे अन्नपाणी तोडणे, असे म्हटले की आपल्यासमोर गव्हाणीत चारा न टाकणारा निष्ठुर मालक उभा राहतो. भरलेली ताटली ठेवूनही तिच्यापर्यंतची वाट बंद होऊ शकते, हे मात्र ध्यानात येत नाही. मुलांनी पिल्लाला घेतले ती करुणाच होती. तिच्या जोडीला जयणा हवी. पाणी गाळताना, दिवा लावताना जी जयणा आपण पाळतो, तीच येथेही पाळायची.

म्हणून दुसरे मांजर घरात घेण्याआधी वेगळी खोली आहे का, दोघांची जागा निराळी करता येईल का, आठवडेच्या आठवडे हे सांभाळणारे माणूस कोण, एवढे घरात बसून ठरवावे. आणि मांजर घरात असेल, तर रोज रात्री दुकानाचा हिशेब मिटवताना त्याच्या ताटलीकडेही एक नजर टाकावी. सकाळी किती ठेवले आणि आता किती उरले, एवढेच पाहायचे असते.