खड्डा, चाक आणि पाठीचा कणा

पावसाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की मुंबई-पुण्यातल्या टायरच्या दुकानांत एक ठरावीक दृश्य दिसू लागते. कोटभर रुपयांची स्पोर्ट्स कार जॅकवर चढलेली असते. तिचे चकचकीत मॅगव्हील जमिनीवर आडवे पडलेले असते आणि दुकानदार त्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवून मालकाला वाक दाखवत असतो. मालकाचा चेहरा उतरलेला. शेजारी स्कूटरमध्ये हवा भरायला आलेला माणूस मनातल्या मनात हसतो. एवढ्या महागड्या गाडीचे चाक एका खड्ड्यात गेले!

हे हसू समजण्यासारखे आहे, पण ते बरोबर नाही. ज्या खड्ड्याने त्या गाडीचे चाक वाकवले, त्याच खड्ड्यातून अर्ध्या तासापूर्वी तो स्कूटरवालाही गेलेला असतो. गाडीवाल्याने किंमत धातूच्या रूपात मोजली, स्कूटरवाल्याने मणक्याच्या रूपात. शिवाय वाकलेले किंवा तडकलेले चाक हा केवळ श्रीमंताच्या खिशाचा प्रश्न राहत नाही. तेच चाक वेल्डिंग करून, रंग चढवून पुन्हा रस्त्यावर आले, तर द्रुतगती मार्गावर त्याच्या मागे-पुढे असलेल्या प्रत्येकाचा जीव त्यात गुंततो.

मुळात ही चाके इतक्या सहज का मोडतात, ते टायरवर छापलेल्या आकड्यांतच लिहिलेले असते. ‘२०५/५५ आर १६’ म्हणजे टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के आणि रिमचा व्यास १६ इंच. हिशेब केला तर भिंतीची उंची साधारण ११३ मिलिमीटर येते. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला ‘२२५/४० आर १८’ टायर असेल, तर ही उंची ९० मिलिमीटरवर येते. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण धातू वाढतो आणि हवा कमी होते. ‘२६५/३० आर २०’ अशा टायरमध्ये तर रिम आणि रस्ता यांच्यात जेमतेम ८० मिलिमीटरची उशी उरते.

या पातळ टायरचा फायदा खरा आहे. भिंत आखूड असली की वळणावर टायर कमी लवचिकतो आणि स्टिअरिंग फिरवताच गाडी वळते. मोठ्या रिममध्ये मोठे ब्रेक बसतात. गुळगुळीत ट्रॅकसाठी ही रचना उत्तम आहे. खड्ड्यात मात्र गणित उलटते. चाक खड्ड्यात नुसते पडत नाही, वरची दाबलेली स्प्रिंग त्याला जोराने खाली ढकलते. पुढच्याच क्षणी खड्ड्याची पलीकडची कड समोर येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर अंतर कापते, म्हणजे अर्ध्या मीटरचा खड्डा ओलांडायला तिला सेकंदाचा तेहतिसावा भागही लागत नाही. एवढ्या अवधीत टायरची भिंत पूर्ण दाबली जाते आणि रिमची कड व खड्ड्याची कड यांच्यात रबर अडकित्त्यातल्या सुपारीसारखे सापडते. भिंतीच्या आतले धागे तुटतात, तिथे हवेचा फुगा येतो. उरलेला धक्का थेट रिमला बसतो. धक्क्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ताशी ४० वरून ६० वर गेला, तर ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते.

आता प्रश्न धातूचा. जुन्या पोलादी रिमला असा मार बसला तर ती वाकत असे, आणि गॅरेजातला मेस्त्री हातोड्याने ठोकून ती सरळ करत असे. मॅगव्हील वेगळ्या जातीचे असते. ते बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ओतीव काम असते. त्यात साधारण सात टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असते. ओतल्यानंतर ते सुमारे ५४० अंश सेल्सिअसला काही तास तापवतात, झटकन थंड करतात आणि पुन्हा दीडशे अंशांच्या आसपास काही तास मुरू देतात. या ‘मुरण्यात’च त्याची ताकद तयार होते. असे चाक हलके आणि ताठ असते, पण मर्यादेपलीकडे मार बसला की वाकण्यापेक्षा तडकण्याकडे त्याचा कल असतो.

अशा चाकावर वेल्डिंग करणे म्हणजे ती सगळी उष्णताप्रक्रिया पुसून टाकणे. वेल्डिंगच्या रेघेशेजारचा पट्टा मऊ होतो, त्यात बारीक छिद्रे राहू शकतात आणि मूळ ताकद गॅरेजात परत आणता येत नाही. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा आणखी एक स्वभाव आहे. पोलादावर ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला, तरी ते सहसा थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादाच नाही. प्रत्येक फेऱ्याबरोबर त्यातला लहानसा तडा पुढे सरकत राहतो. चाक तर एका किलोमीटरमध्ये सुमारे पाचशे फेरे घेते. म्हणूनच बहुतेक वाहन उत्पादक वेल्डिंग केलेले चाक वापरू नका असे बजावतात. बाहेरच्या कडेची किरकोळ वाक किंवा खरचटलेला रंग ही गोष्ट वेगळी. ती जाणत्या कारागिराकडून दुरुस्त होऊ शकते. पण आरीला किंवा आतल्या नळकांड्याला गेलेला तडा ही दुरुस्तीची नव्हे, चाक बाद करण्याची गोष्ट आहे.

खरी भीती इथेच आहे. नवे मूळ चाक महाग, वेल्डिंग त्याच्या तुलनेत अगदी स्वस्त. वेल्डिंग झाले, बफिंग झाले, वर पावडर कोटिंग चढले की तडा कुठे होता हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या मालकाला निदान माहीत तरी असते. गाडी विकली गेली किंवा ते चाक जुन्या बाजारात गेले की पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. तो हौसेने चार चाके घेतो, गाडीला बसवतो आणि घरच्यांना घेऊन घाट उतरतो. तडकलेले चाक कापूनच भंगारात द्यायचे, अशी शिस्त गॅरेजवाल्यांनी पाळली पाहिजे आणि ग्राहकाने ती मागितली पाहिजे. यात वायाही काही जात नाही. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला, खनिजापासून नवे बनवण्याच्या तुलनेत सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते.

खड्ड्यात जोराचा दणका बसल्यावर चालकाने काय करावे, यातही समज कमी आणि घाई जास्त दिसते. टायर बसला नाही म्हणजे काही झाले नाही, असे मानून लोक पुढे निघतात. सुरक्षित जागी थांबून टायरची भिंत पाहायला दोन मिनिटे लागतात. फुगा आला असेल, तर त्या टायरला दुसरा उपाय नाही. पंक्चरवाल्याचा पॅच तिथे चालत नाही, टायर बदलावाच लागतो. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनीच नसते. त्याऐवजी पंक्चर बुजवणारे द्रावण असते किंवा हवा गेल्यावरही थोडे अंतर चालणारे ताठ भिंतीचे टायर असतात. पण फाटलेल्या भिंतीवर द्रावणाचा उपयोग नाही आणि ताठ भिंत धक्का आणखी कमी शोषते. अशा वेळी गाडी उचलून नेणेच शहाणपणाचे.

रिमची वाक बहुधा आतल्या बाजूला असते, बाहेरून दिसत नाही. स्टिअरिंगला ठरावीक वेगावर येणारी थरथर, दर दोन-चार दिवसांनी कमी होणारी हवा, सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढणारी गाडी ही तिची लक्षणे. नुसते बॅलन्सिंग करून वजने चिकटवली की थरथर काही दिवस दबते, आजार तसाच राहतो. चाक काढून, फिरवून, आतून पाहायला सांगावे. हवा थंड टायरमध्ये, दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या मापाने भरावी. हवा कमी असेल तर टायर लवकर चिमटला जातो. आणि खड्डा टाळता आलाच नाही, तर ब्रेक त्याच्या आधी लावावा, त्याच्या आत नव्हे. ब्रेक दाबलेला असताना गाडीचा भार पुढे येतो आणि आधीच दबलेल्या पुढच्या चाकांना सगळा मार खावा लागतो.

पण सगळी जबाबदारी चालकाच्या माथी मारून चालणार नाही. शोरूममध्ये १८ आणि १९ इंचांची चाके ‘रुबाब’ म्हणून विकली जातात. त्यासोबत हवेची उशी किती कमी झाली, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. त्याच गाडीला कंपनीने मान्य केलेले एक इंच लहान रिम आणि जाड टायर बसत असतील, तर भारतीय रस्त्यांसाठी तोच पर्याय आधी समोर ठेवायला हवा. विम्याचेही तसेच. प्रमाणित मोटार पॉलिसीत फक्त टायरचे नुकसान झाले तर भरपाई मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल, तर टायरच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत मिळते. टायर आणि रिमसाठी वेगळे जोडसंरक्षण घ्यावे लागते. म्हणजे सार्वजनिक रस्त्याच्या दोषासाठी रस्ता कर भरणाऱ्याने पुन्हा स्वतःच हप्ता भरायचा.

रस्ता का फुटतो, हेही काही गूढ नाही. डांबराचे पाण्याशी वैर आहे. पाण्याचा निचरा झाला नाही की ते भेगांतून आत शिरते, खडी आणि डांबराची पकड सोडवते. वरून चाक गेले की आत अडकलेले पाणी दाबले जाऊन खडी उचकटते. दख्खनच्या काळ्या मातीवर तर पायाच पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. त्यात अतिभारित ट्रकची भर पडते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या प्रयोगात असे आढळले, की रस्त्याची हानी आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. कारच्या आसावर एक टन आणि ट्रकच्या आसावर दहा टन भार असेल, तर हानी दहापट नव्हे, दहा हजारपट. म्हणजे उपाय ठरलेले आहेत: निचरा, पक्का पाया, भारावर नियंत्रण. भर पावसात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात खडी टाकून वर फळी मारणे हा त्यातला उपाय नव्हे. त्या खडीचा दुसऱ्या दिवशी दुचाकी घसरवणारा सडा होतो.

आणि आता पुन्हा त्या स्कूटरवाल्याकडे. ३० सेंटिमीटर रुंदीच्या खड्ड्यात स्पोर्ट्स कारचे चाक साधारण चार सेंटिमीटर उतरते. दहा इंची रिमचे स्कूटरचे चाक त्याच खड्ड्यात सहा सेंटिमीटर उतरते, कारण त्याचा घेर लहान. कारमध्ये धक्का चार चाकांत, जाड सीटमध्ये आणि मोठ्या वजनात विरतो. स्कूटरवर तो सीटमधून सरळ कंबरेत जातो. बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी कंपने सर्वांत जास्त जाणवतात, आणि खराब रस्ता नेमकी याच पट्ट्यातली कंपने भरपूर देतो. रोज तासभर अशा रस्त्यावरून जाणाऱ्याची कंबरदुखी ‘वय झाले’ म्हणून सोडून दिली जाते. हाडे ठिसूळ झालेल्या आजीबाई मागच्या सीटवर असतील, तर एकच दणका मणक्याला चीर पाडायला पुरतो.

यापलीकडचा हिशेब मृत्यूंचा आहे. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसे गेल्याची नोंद पाहून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तीव्र चिंता व्यक्त केली होती. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये हा आकडा १,८५६ होता. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९८ अ नुसार, रस्त्याच्या सदोष बांधणी किंवा देखभालीमुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला आणि कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. काही स्पोर्ट्स कारच्या एका चाकाची किंमत याहून जास्त असते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले, हे पाऊल म्हणून महत्त्वाचे आहे. पण भरपाई माणूस गेल्यावर येते.

महागड्या गाडीचा मालक चाक मोडल्यावर बिलाचा फोटो काढतो, तक्रार करतो, त्याचे ऐकले जाते. त्याने ती तक्रार करावीच, आणि ती करताना खड्ड्याची जागा, तारीख, वेळ नोंदवावी. त्या नोंदीचा उपयोग त्याच्या चाकापुरता नाही. त्याच खड्ड्यातून दिवसभर मुले शाळेत जातात, डिलिव्हरीवाले धावतात, रिक्षातून गरोदर बायका दवाखान्यात जातात. त्यांच्या कण्याला वॉरंटी नाही, जोडसंरक्षण नाही आणि तो बदलून नवाही बसवता येत नाही.